बाळंतिणीजवळ कोण बसणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाहुण्याबाईंचे भाषण ऐकतो, टाळ्या वाजवितो आणि फराळाकडे वळतो. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की आपल्यातल्याच कोणीतरी बोलावे, आणि माझे नाव पुढे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाचा सराव नाही. पण विषय असा घेतला आहे की त्यात येथे बसलेल्या बहुतेक जणी माझ्याइतक्याच जाणत्या आहेत, काही तर माझ्याहून अधिक. विषय बाळंतपणाचा आहे, आणि त्यातही एवढाच की, त्या वेळी बाईजवळ कोण बसते.

माझे माहेर धुळे जिल्ह्यातले, साक्रीकडचे. धाकट्या भावाच्या वेळी मी सात-आठ वर्षांची असेन. आमच्या गावी एक सुईण होती, तिला सारा गाव आजीच म्हणे. आईला कळा सुरू झाल्या तशी ती आली, चुलीवर पाणी चढविले आणि आईच्या पाठीशी बसली, ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उठली. आम्हां मुलांना बाहेर पिटाळले होते, पण भिंतीपलीकडून तिचा आवाज रात्रभर येत होता. "घाबरू नको माय, मी शे ना आठे." तेवढेच, पुन्हा पुन्हा. पुढे सव्वा महिना ती रोज येई. आईचे अंग चोळी, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घाली, शेगडी पेटवी, आणि निघण्यापूर्वी दोन घटका आईच्या उशाशी बसून बाळ नीट ओढते की नाही हे पाहून जाई.

पण जुने ते सारे सोने होते असे मी म्हणणार नाही. नाळ विळ्याने कापीत, आणि धनुर्वाताने मुले जात. मूल आडवे आले किंवा रक्त थांबेना झाले, तर बैलगाडी जुंपून तालुक्याला पोहोचेपर्यंत बाई हाती लागत नसे. आणखीही एक सांगितले पाहिजे. त्या आजीच्या हातून आमच्या घरची मुले जन्मली, पण एरवी ती आली तर ओट्याच्या पायरीवर बसे आणि तिचा चहाचा कप वेगळा असे. लुगडे, खण आणि पायलीभर दादर दिली की फेड झाली असे घरातले मोठे समजत. तिच्याजवळ जे होते ते कोणी तिला विचारले नाही, लिहून ठेवणे तर दूरच.

आता बाळंतपण दवाखान्यात होते, आणि ते तेथेच झाले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, पाठोपाठ गावोगाव आशाताई आल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, सिझरसुद्धा मोफत झाले आणि ने-आण करायला १०२ ची गाडी आली. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने जी कुटुंब आरोग्य पाहणी केली, तीत देशातल्या शंभर बाळंतपणांपैकी सुमारे ८९ दवाखान्यात झाल्याचे दिसले. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच पाहणीत दुसराही एक आकडा आहे. जन्मल्यापासून एका तासाच्या आत आईच्या अंगावर पाजलेली मुले शंभरात ४२. म्हणजे जवळ डॉक्टर आहेत, नर्सबाई आहेत, औषध आहे, आणि तरीही निम्म्याहून अधिक मुलांना पहिल्या तासात आईचे दूध मिळालेले नाही. सुईणीचा विळा मागे राहिला हे फार बरे झाले. पण "मी शे ना" म्हणणारी बाईही त्याबरोबर दाराबाहेर राहिली.

माझ्या नात्यातल्या एका मुलीचे पहिले बाळंतपण चार वर्षांपूर्वी झाले. दवाखान्याचे नाव घेत नाही, कारण त्यांनी मूल आणि आई दोघांना सुखरूप आमच्या हाती दिले हेही खरेच. रात्री अकराला तिला आत घेतले, सकाळी नऊला मूल झाले. तिची आई, सासू आणि मी अशा तिघी रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होतो. तिघींना मिळून सात बाळंतपणांचा अनुभव, आणि आत ती विशीतली पोर एकटी. खाटा पाच आणि नर्सबाई एक, ती बिचारी कोणाकोणाजवळ बसणार? पुढे महिन्याने ती मुलगी मला म्हणाली, "मामी, कळा सोसल्या हो. पण मला वाटत होते, मी इथे मरून गेले तरी तुम्हांला कळायचे नाही."

ही सोबत म्हणजे नुसती मायेची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. तिचे मोजमाप झालेले आहे. मध्य अमेरिकेत ग्वातेमाला नावाचा देश आहे. तेथल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक प्रयोग केला आणि तो १९८० साली छापून आला. काही पहिलटकरणींजवळ दाखल झाल्यापासून मूल होईपर्यंत एक बाई बसवून ठेवली. ती नर्स नव्हती, शिकलेली सुईण नव्हती, नात्यातलीही नव्हती. तिने पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचे, एवढेच काम. बाकीच्या बायका तेथल्या रीतीप्रमाणे एकट्या होत्या. ज्यांना काही अडचण आली नाही अशांचाच हिशेब केला, तेव्हा एकट्या बायकांना मूल होण्यास सरासरी १९ तासांहून अधिक लागले, आणि सोबत असलेल्यांना ९ तासांहून कमी. तो प्रयोग लहान होता. पण त्यानंतर अनेक देशांत असे प्रयोग झाले, आणि २०१७ साली अशा २६ प्रयोगांतल्या पंधरा हजारांवर बायकांचा एकत्र हिशेब मांडला गेला. सतत सोबत असेल तर सिझर कमी होतात आणि कळांचा काळ थोडा आटोपता होतो, असेच त्यातूनही निघाले.

अशा बाईला तिकडे डौला म्हणतात. शब्द ग्रीक आहे, अर्थ सेवा करणारी बाई. तो या कामासाठी वापरात आणला डेना राफेल या अमेरिकन बाईंनी, १९७३ सालच्या त्यांच्या पुस्तकात, आणि तो मुळात अंगावर पाजण्याच्या संदर्भात. त्यांचे म्हणणे असे की, जेथे बाळंतिणीची कोणी आईसारखी काळजी घेते, तेथे ती बाळाला पाजू शकते. आता मुंबई-पुण्यात फी घेऊन हे काम करणाऱ्या शिकलेल्या बाया आहेत. त्यांचे काम चांगलेच आहे. पण जळगावच्या चाळीत किंवा शिरपूरच्या पाड्यावर त्या काही येणार नाहीत.

तेव्हा आपल्या हाती काय आहे ते पाहू. २०१६ साली केंद्र सरकारने सांगितले की सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी एक सोबतीण आत राहू शकते. ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला कसला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे, आणि डॉक्टर-नर्सच्या कामात मध्ये पडू नये. जेथे आडोशाची नीट सोय आहे तेथे नवऱ्यालाही राहू देता येते. हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक होते? हात वर करू नका, मीच सांगते, मागच्या बैठकीत विचारले तेव्हा दोघींना. सगळीकडे हे पाळले जाते असेही नाही. जागा नाही, पडदे नाहीत, गर्दी होते, अशी कारणे सांगतात, आणि काही खरीही असतात. म्हणून कळा सुरू झाल्यावर दारात भांडत बसू नये. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीलाच शांतपणे विचारून ठेवावे की, आमची अमुक बाई सोबत राहील, चालेल ना?

नियमात नात्यातली बाई म्हटले आहे. म्हणजे मंडळाच्या बायकांनी जाऊन आत बसावे असा त्याचा अर्थ नाही. आपले काम त्याच्या आधीचे आहे. जी आत जाणार, तिला आपण तयार करायचे.

आणि ती कोण हे विचाराने ठरवावे. पहिले बाळंतपण माहेरी, तेव्हा सोबत आईचीच, असे आपण धरून चालतो. पण काही आया लेकीच्या कळा पाहून स्वतःच डोळ्यांना पदर लावतात, मग मुलगी आईला धीर देत बसते! अशा वेळी मावशी बरी, मोठी जाऊ बरी, शांत स्वभावाची सासू असेल तर तीही बरी. मुलीलाच विचारावे, तुला कोण हवी. आत गेल्यावर स्वतःच्या बाळंतपणाच्या कथा सांगू नयेत आणि मोबाईल पिशवीत ठेवावा. कळ आली की कमरेच्या खाली, पाठीचा कणा संपतो तेथे तळहाताने दाबून धरावे. त्याने फार बरे वाटते. डॉक्टरांनी मना केले नसेल तर तिला उभे करावे, फेऱ्या घालू द्याव्यात, घोटघोट पाणी द्यावे, लघवीला नेऊन आणावे. श्वास लांब सोडायला सांगावे आणि आपणही तिच्याबरोबर सोडावा. पोटावर कधीही दाब देऊ नये. "जोर लाव" हे डॉक्टर किंवा नर्सबाई सांगतील तेव्हाच. आणि रक्त फार जाऊ लागले, डोके भयंकर दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटका आला, तर क्षणभरही न थांबता हाक मारावी. जवळ बसलेल्या बाईचा हाही एक मोठा उपयोग आहे की ती पाहत असते.

आता दुधाचे. येथे मला जरा जास्त वेळ लागेल, कारण घोटाळे येथेच जास्त आहेत.

गायी-म्हशीचा चीक मिळाला की आपण शेजारणीला वाटीभर देतो, खरवस करतो, वेलदोडा घालून हौसेने खातो. आणि स्वतःच्या बाळाच्या वाटचा चीक मात्र घाण म्हणून पिळून टाकतो! पहिल्या दोन-तीन दिवसांचे ते पिवळे, घट्ट दूध म्हणजे बाळाची पहिली लसच समजा. ते थोडेच असते, पण पहिल्या दिवशी बाळाचे पोटही तेवढेच असते. एका वेळी चमचाभराने त्याचे भागते. सिझर झाले तरी बाई शुद्धीवर असते, कोणी बाळ धरून दिले तर आडवे राहूनही पाजता येते. तेथे धरून देणारीच हवी. मध चाटवू नये, वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातल्या जंतूंनी क्वचित जिवावर बेततेही. गुटीचेही तेच, सहा महिने आईच्या दुधावाचून काही नको.

यावर आमच्याकडच्या म्हाताऱ्या एकच प्रश्न विचारतात, आणि तो खानदेशातच विचारावा असा आहे. वैशाखात पारा ४५ वर जातो, भुसावळकडे तर विचारूच नका, मग लेकराला पाणी पाजायचे नाही? नाही पाजायचे. आईच्या दुधात शंभर भागांपैकी सुमारे ८७ भाग पाणीच असते. उन्हाळ्यात मूल वरचेवर मागते, तेव्हा वरचेवर पाजावे. वरच्या पाण्याने पोट भरते, दूध कमी ओढले जाते, आणि पाणी शुद्ध नसेल तर जुलाब लागतात. पाणी हवे ते आईला. येथे आमची रीत नेमकी उलटी! बाळाला पाणी आणि बाळंतिणीला बंदी. तिला दिवसाकाठी दोन पेले कोमट पाणी, वर बंद खोलीत शेगडी. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेपूची भाजी हे सगळे जरूर द्या, त्यात वाईट काही नाही. पण तहानेला पाणी द्या, आणि मे महिन्यात ती शेगडी खोलीबाहेर काढा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिनाच होता. आमच्या गल्लीत एका घरी सून सिझर होऊन आली. चौथा दिवस, मूल रडते, छाती दगडासारखी घट्ट, बोंडाला चिरा पडलेल्या. सासूबाई म्हणाल्या, हिला दूधच नाही, डबा आणा. सासूबाई वाईट नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या. मी आणि मंडळातल्या एक बाई, आम्ही दोघी आळीपाळीने अकरा दिवस गेलो. आशाताईंनी शिकविले होते तसे बाळाचे पोट आईच्या पोटाला लावून धरायला दाखविले. तोंड मोठे उघडू द्यायचे, नुसते बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी टेकली पाहिजे. आधी कोमट फडक्याने शेकून थोडे दूध हाताने वाटीत काढले, म्हणजे छाती मऊ पडून बाळाला धरता येते. काढलेले दूध चमच्याने बाळालाच पाजले. पण खरे सांगू, यातला निम्मा वेळ आम्ही दूध पाजण्याचे काही केलेच नाही. एकीने भाकरी टाकल्या, लंगोट धुतले, मोठ्या मुलीची वेणी घातली, आणि सुनेला दुपारी दोन तास झोपविले. लंगोट दिवसाला सहा-आठ ओले होऊ लागले तसे सासूबाईंना मी ते मोजूनच दाखविले. पंधराव्या दिवशी वजन जन्मापेक्षा वर गेले होते. डबा आणला नाही.

डब्याविषयी एक सांगते. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला आहे, २००३ साली तो आणखी कडक केला. बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापता येत नाही, आणि आईचे दूध सर्वांत उत्तम असे डब्यावरच लिहावे लागते. कोणी फुकट डबा हाती ठेवला तर विचार करा, तो का ठेवतो. तरी एखादीला खरोखर दूध पुरत नाही, एखादीचे औषध चालू असते, एखादी दुखण्याने उठू शकत नाही. तेथे डॉक्टर सांगतील ते दूध वाटी-चमच्याने द्यावे, आणि त्या बाईला एका शब्दाने टोचू नये. पाजणे हे परीक्षेत पास होण्यासारखे करून ठेवले तर आपली मदत म्हणजे नवा सासुरवासच.

शेतमजूर बाईचे आणखी कठीण. नोकरदार बाईला २०१७ च्या कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. रावेर-यावलच्या केळीत किंवा कापूस वेचायला जाणारी बाई दीड महिन्यात कामावर असते. पहिल्या खेपेला सरकारकडून पाच हजार मिळतात, ते अर्धे तर येण्या-जाण्यात आणि खाण्यात जातात. तिला "सहा महिने फक्त अंगावर पाज" असे सांगणे सोपे आहे. मालकिणीने दुपारी बाळ बांधावर आणू दिले, सावलीत अर्धा तास दिला, तर ते सांगण्यापेक्षा मोठे. आपल्यात शेतीवाल्या मालकिणी आहेत, म्हणून बोलले.

बाळंतिणीच्या मनाचेही पाहावे. पहिल्या आठवड्यात डोळे भरून येतात, ते बहुधा आपोआप ओसरते. पण दोन आठवड्यांनंतरही ती बोलत नाही, झोप नाही, मुलाकडे पाहत नाही, जिवावर उदार झाल्यासारखे बोलते, तर दृष्ट काढून थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. मुलगी झाली म्हणून घरात तोंडे पडली असतील, तर त्या दुखण्याचे औषध कोणत्या दवाखान्यात मिळते ते मला ठाऊक नाही.

हे काम सामान्य बायकांना जमेल का, असे आपल्या बैठकीत दोघी-तिघींनी विचारले. १९५६ साली अमेरिकेत इलिनॉय प्रांतात सात गृहिणी एकीच्या घरी जमल्या आणि पाजणाऱ्या आयांना मदत करू लागल्या. तेव्हा तेथे बाटलीचेच दिवस होते. त्यांची ला लेचे लीग ही संस्था पुढे जगभर गेली. आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याला, १९९१ च्या डिसेंबरात स्तनपानाच्या प्रसारासाठी देशपातळीवरची संस्था स्थापन झाली. आणि गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी पाचवी ते दहावी शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकविले. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले. ते १९९९ साली मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्याचे मूळ तेथेच आहे. त्या बायकांच्या शिक्षणाचा आकडा वाचला तेव्हा माझी सातवी मला अगदीच काही कमी वाटली नाही.

आशाताईंचे काम आपण करायचे नाही, त्यांच्या दोन फेऱ्यांच्या मधले दिवस आपले. कार्यकारिणीत ठरले ते असे. गल्लीत कोणाला सातवा लागला की त्या घरी दोघींनी जायचे, ओटीच्या दिवशी नव्हे, साध्या दिवशी, आणि सोबतीण कोण ते ठरवून द्यायचे. बाळंतीण घरी आली की पहिले पंधरा दिवस रोज एकीने दोन तास द्यायचे. भाकरी-भाजी, धुणे, मोठे मूल सांभाळणे, आणि उशाशी बसणे. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले, श्वास भरभर चालला किंवा बाळंतिणीला ताप आला, तर घरगुती काही न करता आशाताईंना कळवून दवाखाना गाठायचा. जातपात, भाडेकरू-मालक पाहायचे नाही. रेल्वेलाईनीकडच्या वस्तीतही जायचे. पैसे घ्यायचे नाहीत, चहा घेतला तरी चालेल.

वही फराळाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. नाव, गल्ली आणि दुपार मोकळी की सकाळ, एवढे लिहावे. पुढच्या पंधरवड्यात दोन घरे आहेत, एक पिंप्राळ्याकडे आणि एक आपल्याच गल्लीत. दोन्हीकडे दुपारच्या बायका हव्या आहेत.